दूधभुकटीची देणगी आणि तिच्या अटी

(सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



सकाळी मांडवात आपण सर्वांनी चहा घेतला. दूध कोठले होते हे कोणी विचारले नसेल. विचारण्याची आता चालही राहिलेली नाही. ते लकमनहळ्ळीच्या डेअरीतून पिशव्यांतून आले. पहाटे आपल्याच जिल्ह्यातल्या कोणा बाईने धार काढली, गावच्या सोसायटीत लोटा रिता केला आणि दुपारपर्यंत ते दूध थंड होऊन शहरात हिंडू लागले. आज आम्ही जे बोलणार आहोत ते या पिशवीतल्या दुधाविषयी आहे. आमच्या चिटणीसांनी विषय छापला आहे तो ‘परदेशचा पैसा आणि आपली खेडी’ असा भारदस्त आहे. पण विषय तोच.

हा विषय आजच का, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्या एका सभासदाचे चिरंजीव युरोपात स्थायिक झाले आहेत. त्यांच्या खटपटीने तिकडच्या एका धर्मादाय संस्थेचे पत्र आपल्या संस्थेकडे आले. आपल्या वसतिगृहात कलघटगी, हल्याळ, मुंडगोड या बाजूची दनगर गवळ्यांची मुले राहतात. त्यांच्या घरी दुधाचा धंदा वाढावा म्हणून चाळीस कुटुंबांना पैसा देण्याची त्या संस्थेची तयारी आहे. आम्ही कार्यकारी मंडळाने ते पत्र ताबडतोब स्वीकारले नाही. उलट अटींची एक यादी लिहून पाठवली. त्यावरून मागच्या सभेत बरीच वादावादी झाली. आमचे खजिनदार वयाने आम्हा सर्वांहून वडील. त्यांनी जुनी म्हण ऐकवली, “धर्माची गाय आणि दात कां गे नाही, असे तुमचे चालले आहे.” सभा हसली, आम्हीही हसलो. परंतु गाय धर्माची असली तरी ती कोणाच्या दावणीला बांधायची, तिला वैरण कोणी घालायची आणि दूध कोणी काढून न्यायचे, हे प्रश्न उरतातच. दात मोजू नयेत हे कबूल.

आपल्या या मुलखात शेतीसाठी युरोपचा पैसा प्रथमच येत आहे असे नव्हे. १८४० नंतरच्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकेतून कापसाचे बी आणले आणि लागवडीचे जाणकारही आणले. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी तो प्रयोग फसला. धारवाडच्या काळ्या जमिनीत मात्र न्यू ऑर्लिन्सचे ते वाण रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने विलायतेपर्यंत ओळखले जाऊ लागले. सरकी काढण्याच्या करवती जिनांसाठी धारवाडात सरकारी कारखाना निघाला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरचा कापूस तुटला, तेव्हा तिकडच्या गिरणीवाल्यांनी हा कापूस बाहेर काढण्यासाठी कारवार बंदर आणि घाटातला रस्ता व्हावा म्हणून सरकारमागे लकडा लावला. पैसा आला, यंत्रे आली, रस्ते झाले, आपल्या काही शेतकऱ्यांच्या हाती चार दिवस रोकडही खुळखुळली. पण कोणते बी पेरायचे, धागा किती लांब हवा आणि भाव कोठे ठरायचा, या तिन्ही गोष्टी समुद्रापलीकडे ठरत होत्या. आमच्या शेतकऱ्याला विचारले कोणी नाही, आणि विचारावे असे त्या काळी कोणाला वाटलेही नसेल.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी युरोपचा शेतीमाल पुन्हा हिंदुस्थानच्या दाराशी आला. या वेळी तो लोणी आणि दुधाच्या भुकटीच्या रूपाने आला, आणि या वेळी दारात उभे राहून अटी सांगणारा माणूस आपला होता. ती हकीकत आम्हांला जरा सविस्तर सांगायची आहे. आमच्या पत्रातल्या अटी आम्ही तिच्यातूनच उचलल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात युरोपने उपासमार पाहिली. म्हणून १९५७ साली रोम येथे सहा देशांनी एकत्र बाजाराचा करार केला तेव्हा शेतकऱ्याला हमीभाव देण्याचे धोरण त्यातच घातले, आणि १९६२ पासून ते अमलात येऊ लागले. बाजारात भाव पडला की सरकारी यंत्रणेने ठरल्या किमतीला लोणी व भुकटी विकत घेऊन कोठारात ठेवायची. शेतकरी तो कोठलाही असो, घेणारा पक्का आहे म्हटल्यावर तो जास्त पिकवणारच. साठाच्या दशकाअखेरी लाखो टन लोणी शीतगृहांत साठले. त्याला तिकडची वर्तमानपत्रे ‘लोण्याचे डोंगर’ म्हणू लागली. शेतीखात्याचे त्यांचे प्रमुख सिको मान्सहोल्ट स्वतः डच शेतकरी. त्यांनी १९६८ च्या डिसेंबरात स्पष्ट सांगितले की गायी कमी करा, लहान शेते एकत्र करा. त्यावर शेतकरी असे खवळले की १९७१ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सला मंत्र्यांच्या बैठकीच्या दालनात त्यांनी चक्क गायी नेऊन उभ्या केल्या. आपल्याकडे मोर्चे पुष्कळ निघतात, पण म्हैस सभागृहात नेल्याचे ऐकिवात नाही.

तर हा डोंगर उपसायचा कसा? साठवणीचा खर्च वर्षानुवर्षे वाढत होता. समुद्रात टाकणे लाजिरवाणे. तेव्हा गरीब देशांना वाटून टाकणे हा मार्ग राहिला. दिसायला तो पुण्याचा मार्ग होता. आणंदच्या दूधसंघाचे व्यवस्थापक वर्गीस कुरियन यांना मात्र त्यात मोठा धोका दिसला.

धोका कशात होता, हे त्यांना मुंबईच्या अनुभवावरून ठाऊक होते. खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईच्या सरकारी दूधयोजनेला जात असे. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात. नेमके तेव्हाच मुंबईला ते सगळे नको असे. एकीकडे परदेशी भुकटी स्वस्तात मिळे. ती पाण्यात कालवून म्हशीच्या दाट दुधात मिसळली की एका लिटरचे दोन लिटर होत. शहराची सोय झाली. परंतु शेतकऱ्याने आणलेले दूध परत गेले, की ती चरवी उकिरड्यावरच रिती होणार. स्वस्त किंवा फुकट दूध शहरात आले की खेड्यातल्या म्हशीची किंमत कमी होते, असा हा साधा हिशेब आहे. देणगी देणाऱ्याच्या मनात काही वाईट असण्याची मुळीच गरज नाही.

देणगी घेताना घासाघीस करण्याचा धडाही आणंदला आधीच मिळाला होता. हिवाळ्यातल्या जादा दुधाची भुकटी करायचे ठरले, तेव्हा म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही असे युरोपातले तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया या आपल्या माणसाने ती करून दाखवली. यंत्रांसाठी युनिसेफने सुमारे आठ लाख रुपयांची मदत देऊ केली. पण ती अशी की त्याच्या मोबदल्यात संघाने बारा लाखांचे दूध जिल्ह्यातल्या गरीब मुलांना मोफत वाटावे. संघाने ते मान्य केले. आमच्या मते ही फार चांगली अट होती. तिच्यामुळे घेणाऱ्याची मान खाली गेली नाही. त्याने घेतले त्याहून अधिक दिले, आणि दिले तेही आपल्याच मुलांना. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी त्या कारखान्याचे उद्घाटन केले.

पुढे १९६४ साली लालबहादुर शास्त्री खेडा जिल्ह्यातल्या अजरपुरा गावी एक रात्र मुक्कामाला राहिले, लोकांशी बोलले, आणि ‘असे आणंद देशभर का होऊ नये?’ या विचारातून १९६५ मध्ये राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ निघाले. मंडळ निघाले खरे, पण हाती पैसा नव्हता. राज्य सरकारांना स्वतःच्या दूधयोजना होत्या, त्यांना आणंदची पद्धत फारशी रुचत नव्हती. अशा वेळी युरोपच्या डोंगराची बातमी आली.

कुरियन यांनी जे मांडले ते ऐकायला उलटेच वाटते. त्यांचे म्हणणे असे की ही भुकटी आज ना उद्या आपल्याकडे येणारच आहे. आपण नको म्हटले तरी ती स्वस्तात विकली जाईल आणि आपला शेतकरी मरेल. तेव्हा ती आपण मागून घेऊ, पण फुकट वाटण्यासाठी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत ती देणगी म्हणून यावी. आपण ती आपल्या शहरांतल्या डेअऱ्यांना विकू, आणि विक्रीतून जो पैसा येईल त्यावर खेड्यांतल्या संस्था, थंड करण्याची केंद्रे, टँकर आणि डेअऱ्या उभारू. म्हणजे ज्या मालाने आपला धंदा बुडाला असता, त्याच मालाचे भांडवल करायचे. १९७० मध्ये हे ठरले. पहिल्या टप्प्यासाठी १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल द्यायचे कबूल झाले. बटर ऑइल म्हणजे पाणी काढून टाकलेले लोणी, आपल्या तुपाचे चुलत भावंड म्हणा. त्यातून सुमारे ११६ कोटी रुपये उभे राहिले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या तेव्हाच्या चार महानगरांना अठरा दूधक्षेत्रे जोडण्याचे काम त्या पैशाने सुरू झाले. त्यालाच ‘ऑपरेशन फ्लड’ म्हणतात. मराठीत त्याला दुधाचा महापूर म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

आता या व्यवहारात घासाघीस नेमकी कशाची झाली, याकडे आपण लक्ष द्यावे. टन किती, यावर फार ताणले गेले नाही. त्यांच्याकडे टन पुष्कळच होते. खरे महत्त्व तीन गोष्टींना होते.

पहिली भावाची. डेअरीला भुकटी अशा दराने द्यायची की तिचे केलेले दूध आपल्या शेतकऱ्याच्या दुधापेक्षा स्वस्त पडू नये. डेअरीच्या व्यवस्थापकाला भुकटीचा मोह पडताच कामा नये. ही एक अट नसती तर बाकीच्या सगळ्या अटी असून नसल्यासारख्या झाल्या असत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा कोणाच्या हाती राहणार. सरकारी तिजोरीत गेला की तो कोठल्या खात्यात मुरला हे शोधायला पुन्हा समिती नेमावी लागते. म्हणून १९७० मध्येच बडोद्याला इंडियन डेअरी कॉर्पोरेशन स्थापन झाले. माल त्याने घ्यायचा, विकायचा आणि पैसा दूधसंघांपर्यंत पोचवायचा. (१९८७ साली हे महामंडळ डेअरी विकास मंडळातच विलीन झाले.) आणि संघांना पैसा पोचला तो कसा? शंभरातले सत्तर रुपये कर्ज म्हणून आणि तीस अनुदान म्हणून. युरोपने दिले फुकट, परंतु आपल्या संघाला मिळाले ते फेडीच्या बोलीने. काहींना हे कंजूषपणाचे वाटेल. आम्हांला सगळ्या योजनेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. ज्याचे हप्ते आपण भरले ते यंत्र आपले असते. आपल्याच वसतिगृहात पहा, देणगीतून आलेला पंखा बिघडला तर वर्षभर तसाच लटकतो, आणि मुलांनी वर्गणी काढून आणलेली कॅरमची फळी मात्र रोज पुसली जाते.

तिसरी गोष्ट शेवटाची. ही मदत कधी थांबणार हे देतानाच बोलून ठेवायचे. येथे मात्र ठरले तसे घडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिला टप्पा पाच वर्षांत उरकायचा होता. तो दशक संपेपर्यंत रेंगाळला. १९८१ मध्ये दुसरा सुरू झाला, त्यातही युरोपची भुकटी होती आणि जोडीला जागतिक बँकेचे कर्ज होते. तिसरा टप्पा १९९६ मध्ये संपला. पाचाची पंचवीस वर्षे झाली.

यावर टीकाही कठोर झाली. १९८३ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी लिहिले की हा पूर युरोपच्या भुकटीचा आहे, आपल्या म्हशींचा नव्हे, शहरांना आयात मालाची सवय लावली आणि नाव मात्र शेतकऱ्याचे घेतले. तो लेख खूप गाजला. सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आम्ही त्या वेळी तरुण होतो, आणि खरे सांगायचे तर आमची सहानुभूती टीकाकारांकडे होती. आज आमचे मत निम्मे बदलले आहे. भुकटी अपेक्षेपेक्षा अधिक काळ येत राहिली, हा आक्षेप खरा. दूध वाढले त्याचे सगळे श्रेय या योजनेला देणेही बरोबर नाही. १९७०–७१ साली देशात सुमारे २ कोटी २० लाख टन दूध होत असे, २०२३–२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९० लाख टन झाले. पण त्यातले सहकारी संघांकडे येणारे दूध आजही लहानसा हिस्सा आहे. इतके सारे वजा केल्यावर एक गोष्ट उरते. भुकटी थांबली तेव्हा डेअऱ्या बंद पडल्या नाहीत. मदतीची खरी परीक्षा ती थांबल्यावरच होते, आणि त्या परीक्षेत ही योजना उतरली.

आपल्या भागात हे सारे उशिरा पोचले. कर्नाटकात १९७४–७५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने दूधविकास सुरू झाला तो दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत. उत्तरेकडे वळायला दहा वर्षे लागली. ऑपरेशन फ्लडच्या दुसऱ्या टप्प्यात अधिकारी गावोगाव हिंडले, सोसायट्या निघाल्या आणि १९८६ च्या मार्चमध्ये धारवाडचा दूधसंघ स्थापन झाला. महामार्गालगत लकमनहळ्ळीस त्याची डेअरी उभी राहिली. युरोपच्या लोण्याचा डोंगर आपल्यापर्यंत आला तो असा, स्टीलच्या टाक्या आणि कर्जाचे हप्ते होऊन. भुकटी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आपल्या खेड्यांत क्वचितच सापडेल.

पहिल्या सोसायट्या निघाल्या ते दिवस आम्हांला आठवतात. देवळाच्या ओवरीत एक टेबल, त्यावर फॅट मोजण्याच्या काचेच्या नळ्या, आणि समोर बायकांची रांग. तोवर दूध घेणारा व्यापारी बोट बुडवून भाव सांगत असे. बोट त्याचे, भावही त्याचाच. आता नळीवरच्या रेघा सर्वांना दिसू लागल्या. ज्या बाईच्या दुधात फॅट सात निघे तिला सातचे पैसे, मग ती कोणत्याही जातीची असो. रांगेत पुढेमागे उभे राहण्यावरून पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली, दुसऱ्या आठवड्यात पैसे हाती आले आणि कुरबुर विरली. पुष्कळ घरांत बाईच्या हातात ठरल्या दिवशी येणारी ती पहिलीच रोकड होती.

परंतु या रांगेत गवळी फारसे नव्हते, आणि येथूनच आपल्या संस्थेचा प्रश्न सुरू होतो. दनगर गवळ्यांच्या वाड्या रानाच्या कडेला, एकेका वाडीत दहा-पंधरा घरे. पावसाळ्यात रस्ता नाही. दोन वेळा दूध घेऊन सोसायटीपर्यंत चालायचे तर अर्धा दिवस जातो, तेवढ्यात दूध नासते. म्हणून ते दूध आटवून खवा करतात, लोणी काढतात आणि आठवड्याच्या बाजारी विकतात. त्यांच्या म्हशी रानात चरून येणाऱ्या. धारवाडी म्हशीला २०२१ मध्ये स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. तिचे दूध एका वेताला सरासरी हजार लिटरच्या आतच, पण दाट, आणि आपल्या धारवाडी पेढ्याचे नाव त्याच दुधावर झाले. कडबा आणि रानातले गवत यांवर निभणारे हे जनावर आहे. पेंड कमी पडली तरी आटत नाही.

आता युरोपातून आलेले पत्र पहा. पत्र सौजन्याचे आहे, हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. चाळीस कुटुंबांना प्रत्येकी दोन संकरित गायी फुकट. गायी निवडणार त्यांचे तज्ज्ञ. दूध गोळा करायला त्यांच्या नावाचे स्वतंत्र केंद्र. दर तीन महिन्यांनी इंग्रजीत अहवाल आणि त्यासोबत कुटुंबांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे. मुदत तीन वर्षे. तीन वर्षांनंतर काय, याविषयी पत्रात एक शब्द नाही.

आम्ही ते पत्र घेऊन दोन वाड्यांवर गेलो. तेथे एक आजोबा म्हणाले, “मास्तर, गाय द्या की. पण तिला पंख्याखाली ठेवायची म्हंत्यात. आमाला पंखा कोन देनार?” हसण्यावारी नेण्याजोगे हे बोलणे नव्हे. संकरित गाईला हिरवा चारा, पेंड, डॉक्टर आणि सावली लागते. तीन वर्षे हे सगळे बाहेरून येईल आणि चौथ्या वर्षी त्या घराला म्हशी राहिलेल्या नसतील आणि गायी परवडणार नाहीत. स्वतंत्र केंद्र निघाले तर जवळच्या गावची सोसायटी दुबळी होईल, आणि केंद्र बंद झाल्यावर परत जायला ती तरी शिल्लक असेल काय?

म्हणून आम्ही उत्तर पाठवले. जनावर कोणते घ्यायचे हे कुटुंब ठरवील. दूध आहे त्याच सोसायटीला जाईल. वाडीपासून सोसायटीपर्यंत ते लवकर पोचावे म्हणून बर्फपेटीची आणि एका गाडीची मदत मिळाली तर ती आम्हांला ऐंशी गायींहून मोलाची वाटेल. पैसा कुटुंबाला दान म्हणून न देता फिरता निधी व्हावा, दुधाच्या बिलातून थोडाथोडा परत यावा आणि त्यातून पुढच्या वाडीला मिळावा. हिशेब मराठीत आणि कन्नडमध्ये वाडीवर वाचून दाखवला जाईल, मग तो इंग्रजीत जाईल. मुलांची छायाचित्रे पाठवणार नाही. आणि चौथ्या वर्षी काय, हे पहिल्या कागदावर लिहिलेले असावे.

कोणी म्हणेल, देणाऱ्याला इतके सुनावणे शोभते काय? त्यांच्याच घरी काय चालते ते पहावे. खेड्यांच्या विकासासाठी युरोपचा स्वतंत्र निधी आहे. सात सात वर्षांचे अंदाजपत्रक, आणि त्यातल्या प्रत्येक रकमेवर देशादेशांत रात्र रात्र वाटाघाटी होतात. मध्यवर्ती निधीतून पैसा हवा तर प्रत्येक देशाला स्वतःचाही वाटा घालावा लागतो. मुदतीत खर्च झाला नाही तर तो परत जातो. १९९१ पासून त्यांनी एक चांगली पद्धत पाडली आहे. गावगावच्या लोकांचे स्थानिक मंडळ निधी कोठे लावायचा ते ठरवते, आणि त्या मंडळात सरकारी अधिकाऱ्यांची मते निम्म्याहून कमीच असावी लागतात. म्हणजे आम्ही जे मागितले ते त्यांच्या रीतीबाहेरचे मुळीच नाही. आयर्लंडच्या किंवा पोर्तुगालच्या खेड्याला जो अधिकार आहे तो कलघटगीच्या वाडीला असावा, एवढेच आमचे म्हणणे.

थोडे कायद्याविषयी, कारण तरुण सभासद विचारतात की पैसे सरळ बँकेत का घेत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाजवळ भारतीय पारपत्र असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी ती परकीय देणगी होते. परकीय देणगीसाठी २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती आपल्या संस्थेजवळ नाही. अशा एकाच कामासाठी, एकाच देणगीदाराकडून घ्यायचे तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, व्यवस्थापनाचा खर्च शेकडा वीसच्या आत ठेवावा लागतो, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. फिरत्या निधीची कल्पना या चौकटीत कशी बसवायची, हे आमच्या चार्टर्ड अकौंटंटनी लेखी द्यावे असे आम्ही त्यांना सांगितले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत कोणी उत्साहाने एक पैसाही स्वीकारू नये, अशी हात जोडून विनंती आहे.

खजिनदारांचे एक म्हणणे राहिले, त्याचा मान राखला पाहिजे. ते म्हणाले, “तुम्ही अटी घालत बसाल आणि त्या चाळीस घरांचे हातचे जाईल. तुमच्या घरी पगार येतो, त्यांच्या घरी येत नाही.” हे बोलणे आम्हांला लागले, आणि लागायलाच हवे होते. अटी घालणे हे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सोपे असते. आणंदच्या पाठीशी तेव्हा हजारो शेतकऱ्यांचा संघ होता. आमच्यापाशी एक गळके वसतिगृह आणि पन्नास वर्षांची पत आहे. म्हणून आम्ही परत वाड्यांवर गेलो आणि यादीतली एकेक अट वाचून दाखवली. छायाचित्रांची अट बायकांनी उचलून धरली. फिरत्या निधीला पुरुषांनी आधी नकार दिला, मग एकीने विचारले, “परत द्यायचे म्हंजे आमी सभासद झालो की न्हाई?” त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तेवीस घरांनी होकार दिला, नऊ घरांनी नाही म्हटले, आणि आठ घरे अजून विचार करीत आहेत.

त्या संस्थेचे दुसरे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. हिशेब, छायाचित्रे आणि सोसायटी या तीन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. बर्फपेटी आणि गाडी यांविषयी दर मागवले आहेत. जनावराच्या निवडीवर ते अडून आहेत. त्यांच्या तज्ज्ञाचे म्हणणे म्हशीपासून दूध कमी मिळते. चौथ्या वर्षाविषयी, ‘यावर मंडळात विचार चालू आहे’ एवढेच लिहिले आहे. दोन्ही पत्रे, आमचे उत्तर आणि वाड्यांवरच्या बैठकीचे टिपण, सगळे मराठीत उतरवून दाराशेजारच्या टेबलावर ठेवले आहे. जेवणाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने ते वाचावे. त्या दोन वाड्यांतून सहाजण आले आहेत, ते उजव्या बाजूस बसले आहेत. शंका असेल ती त्यांनाच विचारावी. मत चार वाजता घ्यायचे आहे.